डुप्लिकेट समजून उडवलेली ओळ

मंडळी, आज मी अक्षरशः रडकुंडीला आलोय.

आमच्या डेटाबेसचा कोड सी भाषेतला, जुनापुराणा. ‘या नावाचं फंक्शन आहे’ असं कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामला) सांगणारी तीच ओळ तीन-तीन फायलींत. सकाळपासून घरी बसून त्या जास्तीच्या ओळी उडवत होतो.

त्यात आई जेवायला हाका मारत होती. ती मोरवे गावची, बोलणंही तिकडचंच, आवाज खणखणीत. तिसऱ्या हाकेला मी खेकसलो, “आई, एकदा सांगितलं की कळतं मला!”

कोड कंपाइल झाला. वॉर्निंग आल्या, पण त्या रोजच्याच, कोण वाचतं? सर्व्हर मात्र चालू केला की धाडकन बंद. दुपारभर शोधल्यावर कळलं, डुप्लिकेट म्हणून उडवलेल्या एका ओळीची दुसरी प्रत कमेंटमध्ये, माणसांसाठीच्या टिपेत होती. म्हणजे कंपायलरसाठी नव्हतीच! मग त्याने त्या फंक्शनबद्दल स्वतःच्या मनाने काहीतरी गृहीत धरलं.

ती ओळ परत टाकली, तरी सर्व्हर पडतोच आहे. अशा अजून किती उडवल्यात, देव जाणे. उद्या रिलीज आहे.

संध्याकाळी भुकेने उठलो. ताट झाकलेलं, भात गार.

“आई, परत हाक का नाही मारलीस?”

“तुला एकदा सांगितलं का कलतं ना?”

मंडळी, सर्व्हरचं मी बघतो. आईला परत हाक मारायला कसं लावू, तेवढं सांगा.