देवाला न चालणारी झाडं

"हे देवाला चालतं का?"

कुठल्याही रोपासमोर उभे राहिले की काकांचा पहिला प्रश्न हा. मी "चालतं" म्हटलं की मान हलवायचे आणि पुढच्या कुंडीकडे सरकायचे. कपाळावर रोजचं गंध, आणि मागणी मात्र देवाला न चालणाऱ्या झाडाची. असं गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिलंय? मीही पाहिलं नव्हतं.

आमची नर्सरी घोडबंदर रोडला लागून आहे. सासऱ्यांच्या भातशेतीतला उरलेला तुकडा. बाकीच्या शेतात टॉवर उगवले. सकाळी पानं पुसावीत, तर दुपारपर्यंत रस्त्याच्या धुळीनं ती पुन्हा राखाडी. त्यात गिऱ्हाइकं मोबाइलवर कुठल्या तरी थंड देशातल्या जांभळ्या फुलांचे फोटो दाखवणार आणि म्हणणार, "सेम हेच पाहिजे." इथली दमट हवा, चार महिन्यांची झड, ते नाही टिकणार हो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं. जास्वंद न्या, तगर न्या, अबोली न्या म्हटलं की नाकं मुरडतात. मरणारं झाड हातोहात खपतं, जगणारं गळ्यात मारावं लागतं. इतक्या वर्षांनी आता मी वादही घालत नाही.

या काकांनी मात्र माझं सगळं ऐकलं होतं, आणि तेच त्यांना भोवलं होतं.

काका मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीतून निवृत्त होऊन आमच्या जवळच्याच एका सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. बायकोला अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तिचा पलंग खिडकीशी होता, आणि खिडकीबाहेरचा वाफा सोसायटीनं काकांना दिला होता. "तिला फुलं दिसली पाहिजेत, ताई. मला दुसरं काही नको," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मी त्यांना जास्वंद, तगर, अनंत दिले. आपल्या हवेत ही झाडं कोणाची खुशामत मागत नाहीत. भराभर वाढली, फुलांनी लगडली.

पण गोळ्यांमुळे काकू उशिरा जाग्या व्हायच्या. तोवर सकाळी फिरायला निघालेली मंडळी पिशव्या भरून मोकळी झालेली असायची. "ती डोळे उघडते तेव्हा नुसता पाला," काका सांगायचे. त्यांनी पाटी लावली. एका गृहस्थांनी फुलं तोडताना त्याच पाटीला पिशवी अडकवली. काकांनी हटकलं तर उत्तर आलं, "आम्ही थोडीच घालतो डोक्यात? देवालाच वाहतो ना, काका! पुण्य तुम्हाला पण लागतं."

"आता देवाशी भांडू का मी?" काका मला विचारायचे.

मग सुरू झाला आमचा शोध. बोगनवेल उन्हाळ्यात अशी फुलली की काका पेढे घेऊन आले. "कोणी फिरकत नाही तिकडे, ताई!" पण पाऊस लागला आणि बोगनवेलीनं नुसती पानं काढली. पिटुनिया पहिल्या झडीतच कुजली. कर्दळ छान उभी राहिली, तर ती लाल म्हणून गणपतीला गेली. टिकणारं हवं, देखणं हवं, पावसात फुलणारं हवं आणि देवाला नको असलेलं हवं! एकदा मी वैतागले. "काका, आपल्याकडे देवाला नको असलेलं असतं तरी काय?"

"असेल की एखादं," म्हणाले, आणि पालथ्या कुंडीवर बसून राहिले. रात्रीची जागरणं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची. मला त्यांचा कंटाळा यायचा, आणि आठवडाभर आले नाहीत की चुकल्याचुकल्यासारखंही व्हायचं.

एका पावसाळ्यात ते हसतच आले. मला न विचारता त्यांनी बहिणीकडून बी आणून वाफ्यात फेकलं होतं. गुलाबी, जांभळा, पांढरा तेरडा गुडघ्याएवढा उभा होता. "हे कोण वाहतंय देवाला?" मी काही बोलायच्या आत कोपऱ्यात गोण्या शिवत बसलेल्या माझ्या सासूबाई बोलल्या, "तेरडा नाय तो. गवर हाय ती."

काकांच्या घरी मुखवट्यांच्या गौरी. आमच्याकडे आणि कोकणातल्या घरांत तेरड्याचीच गौर करतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "सगळा नेतात?" त्यांनी विचारलं.

"मुळासकट," मी म्हटलं.

"मग मी काठी घेऊन बसतो तिथं."

"गौरीच्या दिवशी? काठी घेऊन?"

गौरी आल्या त्या दिवशी ते खरंच खुर्ची टाकून बसले होते. सोसायटीतल्या बायका हळदकुंकवाची ताटं घेऊन आल्या. काका काठी घेऊन उठले, तेवढ्यात आतून खिडकीच्या गजांवर टकटक झाली. काकू डाव्या हातानं वाजवत होत्या. त्यांनी तो हात उचलून नमस्कारासारखा कपाळाला लावला. काकांनी खुर्ची बाजूला घेतली. बायकांनी वाफा पार उपटला, आणि एकजण आपली गौर घेऊन काकूंना दाखवायला घरात गेली. दुसऱ्या दिवशी काकांनीच येऊन हे सांगितलं. "हसली हो ती," एवढंच म्हणाले.

त्या थंडीत काकू गेल्या. काका नर्सरीत यायचे थांबले.

पुढच्या भाद्रपदात त्यांच्या सोसायटीत खत पोचवायला गेले, तर गौरी आणायचा दिवस. वाफ्यात आपोआप उगवलेला तेरडा मावत नव्हता. काका उकिडवे बसून खुरप्यानं माती सैल करत होते, एकेक रोप काढून बायकांच्या हातात देत होते. "हळू, मूळ तुटू देऊ नका. पुढच्या वर्षी पण या हं." वाफा रिकामा झाल्यावर मला म्हणाले, "चला, चहा घेऊ."

मला घाई होती, टेम्पो उभा होता. तरी गेले. काकूंचा पलंग तिथंच होता. काका म्हणाले, "ह्याच्यावर टेका. उशीला टेकून बाहेर बघा."

मी टेकले. खिडकीची कड उंच होती. वाफा दिसत नव्हता. बायका तेवढ्या दिसत होत्या, गौरी छातीशी धरून बोलत चाललेल्या.

"तेव्हा जास्वंदीचे शेंडे दिसत असतील कदाचित," काका म्हणाले. "तेरडा तर नाहीच. इतके दिवस उशा लावल्या मी तिला, पण इथं डोकं टेकून कधी पाहिलं नाही. ती गेल्यावर पाहिलं. इथून नुसती माणसं दिसतात, ताई. आणि मी तीच हाकलत होतो."

चहा ठेवायला म्हणून ते आत गेले. बराच वेळ गॅस पेटल्याचा आवाज आला नाही. बाहेरून जाताना एक बाई खिडकीपाशी थांबली, मला पाहून गोंधळली, आणि तरीही हात हलवून गेली.