नाताळच्या तीनशे मेंढ्या

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जत तालुक्यातल्या एका वस्तीवर तीनशे मेंढ्यांचे कान कापले गेले. मेंढ्या लोकरीच्या होत्या, मुठीत मावतील एवढ्या, आणि नाताळात परदेशातल्या कुठल्यातरी घरी त्या मांडल्या जाणार होत्या. कान पाच बायकांनी कापले. त्यांतली एक माझी आत्या.

मी तेव्हा तिथेच होते. सांगलीतल्या ज्या वर्तमानपत्रात मी काम करत होते तिथलं डेस्क बंद झालं होतं आणि नवी नोकरी जूनपासून होती. मधला महिना आत्याकडे काढला. काम सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बाईंनी आणलं होतं. सगळ्या त्यांना मॅडम म्हणत. नमुन्याची मेंढी त्यांनीच दिली, शिकवलंही त्यांनीच. माल जून लागायच्या आत सांगलीतून निघायला हवा होता, कारण पुढचा प्रवास जहाजाचा होता. तयार मेंढ्या रोज मोजायच्या आणि आठवड्यातून एकदा मॅडमना फोटो पाठवायचे, हे माझ्याकडे आलं.

या कामावर आत्याचं काय अवलंबून होतं, ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. लग्न झाल्यापासून ती दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरांमागे चालत कृष्णाकाठी जायची आणि पाऊस लागायच्या बेताला परतायची. या फेब्रुवारीत वाटेतच तिचा गुडघा सुजला आणि तिला एसटीत बसवून परत पाठवावं लागलं. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, कळपाबरोबर खालीच होते. फोनवर ते म्हणाले होते, "ही आर्डर नीट गेली तर म्होरच्या साली तू घरी ऱ्हा. तुज्या जागी गडी लावतो. न्हाई गेली तर मग मेंढरांमागं चालायचंच."

काम घरामागच्या लिंबाखाली चाले. पाणी चुलीवर ठेवावं लागत नसे. ॲल्युमिनियमचं पातेलं अकराला उन्हात ठेवलं की बाराला त्यात हात घालवत नसे. त्या पाण्यात साबण किसायचा, पिंजलेली लोकर बुडवायची आणि ती घट्ट होईपर्यंत दोन तळव्यांत वळत राहायची. टँकर तिसऱ्या दिवशी येई, म्हणून तेच पाणी तीन दिवस वापरात असे.

बारा ते चार वस्तीवर आवाज नसे. वारा नसतानाही लोकर हवेत तरंगत राही. केसांवर, भुवयांवर, ताकाच्या तांब्यावर उतरे. त्या वेळी पाचही बायका पांढऱ्या दिसत. समोरच्या माळावर ऊन पाण्यासारखं हले आणि त्या पाण्यात एखादी बाभूळ उलटी उभी असे. कधी कधी वळणारे हात थांबत, डोळे मिटत, आणि थोड्या वेळाने हात पुन्हा सुरू होत. डोळे मिटलेलेच असत. मीही मोजताना चुके आणि पहिल्यापासून मोजे.

अशाच एका दुपारी मी फोनवर बर्फ पडतानाचा व्हिडिओ दाखवला. पाच डोकी एका पडद्यावर वाकली.

"ह्ये काय पडतंय? कापूस?"

"बर्फ."

"मग तिथं टँकर येत न्हाई म्हण की."

"टँकर कशाला? दारात घागर ठिवली की झालं."

"आन् मेंढरं काय चरत्यात? बर्फ?"

"तुजा नवरा चारील की त्येनला. मोकळं रान दिसलं की घालतोयच की मेंढरं!"

हसण्याने पातेल्यातलं पाणी हिंदकळलं.

या मेंढ्या कशासाठी, हे आत्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. गुडघा दाखवायला ती पूर्वी एकदा डिसेंबरात मिरजेला गेली होती. तिथे एका दवाखान्याच्या व्हरांड्यात नाताळचा देखावा मांडला होता. "गव्हाणीत बाळ ठिवल्यालं," ती सांगे, "आन् मेंढकं मेंढरं घिऊन बघाया आल्याली. राजे मागनं आले. पयली कोण आली? मेंढकं." हे सांगताना तिचा आवाज एखाद्या नात्यातल्या घरची गोष्ट सांगावी तसा असे.

दुसऱ्या आठवड्यात कानांचं काम निघालं. कान पातळ चिंध्यांसारखे वेगळे करून शिवायचे होते. ते शिवून झाल्यावर आत्याने कात्री घेतली आणि आपल्या प्रत्येक मेंढीच्या डाव्या कानाला खालून एक खाच मारली. शेजारणीने तिच्या मेंढ्यांना त्याच कानाच्या टोकाला दोन मारल्या. बाकीच्या तिघींच्या खाचा आणखी वेगळ्या, पण कान डावाच. नमुन्याच्या मेंढीचे कान अखंड होते. हे मी पाहिलं होतं, विचारलं नाही. पाठवलेल्या सगळ्या फोटोंत मेंढ्यांची उजवी बाजू होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मॅडम टेम्पो घेऊन आल्या. टेम्पोतून खोकी उतरायच्या आधी त्यांनी टोपलीतली एक मेंढी उचलली, मग दुसरी, मग तिसरी.

"अहो, हे काय? सगळ्यांचे कान फाटलेत!"

"फाटल्यात न्हवं मॅडम, कापल्यात," आत्या म्हणाली. "खुणा हायत. ह्या आमच्या घरच्या, त्या तिच्या."

"पण तिकडच्या लोकांना काय त्याचं?"

"आवं, बाळ बघाया बिनखुणेची मेंढरं न्यायची? चोरीची म्हनत्याल की."

मॅडम लिंबाच्या पारावर बसल्या. त्यांनी फोन काढला, पुण्याला कुणाशी तरी बोलल्या. फोन ठेवून त्यांनी सांगितलं, फाटक्या कानाचा माल घेणार नाहीत. चार दिवस होते. लोकर सुईने टोचून खाचा भरायच्या, एवढंच काम. टेम्पो रिकामा परत गेला.

सुया कुणीच उचलल्या नाहीत. का, ते शेजारणीने मला सांगितलं. कानातली खूण मोडतो तो चोर. दुसऱ्याचं मेंढरू आपलं करायचं असलं की आधी कानाला हात घालतात. अखेर आत्याने तोड काढली. जिनं कापलं तिनंच भरायचं, दुसरीच्या खुणेला हात लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत चौघींच्या मेंढ्यांचं काम सुरू झालं. पाचवी बाई भावाच्या लग्नासाठी विजापूरकडे, माहेरी गेली होती. तिच्या साठ मेंढ्या टोपलीत तशाच राहिल्या.

मी मॅडमना तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "साठ कमी चालणार नाहीत. तीनशे म्हणजे तीनशे. अहो, खेळण्यातल्या मेंढ्या आहेत त्या!"

"व्हय," आत्या म्हणाली. "पर खूण खरी हाय."

शेजारीण सुई टोचता टोचता म्हणाली, "भर की गं तूच. घरी बसायचंय तुला, आमाला न्हाई."

"बसीन. पर तिची खूण मोडून न्हाई."

पाचवीचा फोन दिवसभर लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साठ मेंढ्यांचं खोकं घेऊन बसमध्ये बसले. खोकं मांडीवर होतं. खिडकीतून येणारी हवा भाजत होती. पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने फटीतून आत पाहिलं, काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटला आणि खोक्यावर ऊन येऊ नये म्हणून आपल्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढून धरला. तासभर त्याने तो तसाच धरला होता. मला मध्ये झोप लागली. जाग आली तेव्हा पाट्यांवरची अक्षरं बदललेली होती.

मांडवात हळद चालू होती. पाचवी बाई करवली होती, कोपरापर्यंत पिवळी. मी सगळं सांगितलं. आत्याला ती अक्का म्हणे. तिने विचारलं, "अक्कानं न्हाई भरल्या?"

"नाही."

तिने साबणाने दोनदा हात धुतले आणि मांडवाच्या कडेला, ताशाच्या आवाजात, दुपारी तीनपर्यंत साठही खाचा भरल्या. सात कानांवर हळदीची फिकट छटा राहिली. मी रात्री खोकं घेऊन परतले आणि सकाळी माल भरताना मॅडमनी त्या सात मेंढ्या मधल्या थरात ठेवल्या.

टेम्पो त्याच सकाळी, चौथ्या दिवशी, गेला. मोजणी तीनशे भरली. माल घेतल्याचा निरोप विश्रामबागेतून जूनमध्ये आला. मेंढ्या कुठल्या गावी, कुणाच्या घरी पोहोचल्या, ते आम्हाला कळलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर कळप कृष्णाकाठाकडे निघाला. आत्याच्या जागी उमदीकडचा एक गडी होता. आत्या वस्तीच्या टोकापर्यंत गेली आणि दहा मिनिटांत घरी परत आली.