मशीन बघायला कोण जातं?

अक्कांचा राग सोलापुरातल्या निम्म्या कचेऱ्यांना माहीत होता. कुठंही शिरल्या की बसण्याआधी त्या टाइपरायटरवरचं झाकण उचलत, रोलर अंगठ्यानं फिरवून बघत आणि सुरू होत. "ही धूळ कुणाची? साहेबांची का शिपायाची?" मग कुणीतरी पाणी आणायचं, अक्का बसायच्या, आणि ज्या कामाला आल्या ते काम सगळ्यांत शेवटी निघायचं.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या एका कारखान्याच्या माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. घरात तेलुगू, क्लासात मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. खाली मागांचा खडखडाट, वर आमचा. त्या गोंधळातही कुणाची करंगळी चुकली ते अक्कांना ऐकू येतं, असं मुली म्हणायच्या. मला ते कधी पटलं नाही. त्या सगळ्यांवरच ओरडायच्या, त्यामुळे कुणा ना कुणाला ते लागू पडायचंच.

आमच्याकडे मशीन घेण्याची एक रीत होती. चांगला दिवस बघायचा, मोठ्या माणसांनी जायचं, चकाकी बघायची, नारळ फोडून घेऊन यायचं. ज्या मुलीला त्यावर दिवसभर बसायचं तिला कुणी नेत नसे. अक्कांना हे सहन व्हायचं नाही. "पोरगी बघायला जाताना नवऱ्या मुलाला नेता का न्हाय? मग मशीन बघायला टायपिस्टला का न्हाय?" सल्ला मागायला आलेल्या कुणालाही त्या आधी परत पाठवायच्या. जो बसणार त्याला घेऊन या, मग बोलू.

दुसरा राग खंडेनवमीचा. एका वकिलांच्या कचेरीत मशीनची इतकी मनोभावे पूजा झाली की कुंकू मशीनच्या तेलात कालवलं जाऊन अक्षरांच्या दांड्यांत उतरलं. दिवाळी झाली तरी त्यांच्या नोटिसा तांबूस निघत होत्या. अक्का बघून आल्या आणि म्हणाल्या, "देव मशीनमधी हाय का न्हाय मला ठाऊक न्हाय, कुंकू मात्र लई हाय." क्लासात हळदकुंकू लागायचं ते टेबलाच्या लाकडाला. मशीनवर एक झेंडूचं फूल, तेही झाकणावर.

मी त्यांच्याकडे शिकून चादरीवाल्यांच्या एका सहकारी सोसायटीत टायपिस्ट म्हणून लागले, पण हंगामी. संक्रांतीनंतर सोसायटीची टायपिंगची परीक्षा होती. पास झाले तर कायम, नाहीतर घरी. वडिलांची छाती मागावरच्या कापसानं धरली होती, ते घरी बसून होते. माझ्या पगाराशिवाय चूल पेटायला दुसरं काही नव्हतं. आणि नेमक्या त्याच थंडीत चेअरमन, सेक्रेटरी आणि एक संचालक जीप काढून पुण्याला गेले आणि सोसायटीसाठी नवं मराठी मशीन घेऊन आले. हार, नारळ, पेढे. मी बसले, आणि पहिल्याच ओळीत माझी बोटं आंधळी झाली. त्या काळी मराठी मशीनांत अक्षरांची मांडणी कंपनीकंपनीप्रमाणे वेगळी असे. आमच्या क्लासातली एक, हिची दुसरीच. सेक्रेटरी पेढा खात म्हणाले, "हिला येतच नाही वाटतं." आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझे कान तापतात.

अक्का दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीच्या साडीत, हातात छत्री घेऊन सोसायटीत हजर.

"चेअरमनसाहेब, जीप तुमी चालवता का?"

"ड्रायव्हर चालवतो."

"त्याला न दाखवता जीप घेतली असती का? न्हाय ना? मग हिला का न्हाय नेलं?"

चेअरमन हसले. "अक्का, मशीन आता परत जायचं नाही. मुलगी बदलता येते की. रोज कितीतरी येतात."

मुलगी बदलता येते! माझ्यासमोर म्हणाले. मी काही फुटलेली बशी होते का? अक्कांनी आवाज खाली आणला, आणि त्यांचा तसा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. परीक्षा क्लासातल्या मशीनवर घ्या, एवढंच त्यांनी मागितलं. त्यालाही चेअरमन नाही म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. मिस्त्रीला बोलावलं आणि क्लासातलं स्वतःचं सगळ्यांत चांगलं मशीन त्याच्यापुढे ठेवलं. दांड्यांच्या टोकांवरचे अक्षरांचे खिळे काढून सोसायटीच्या मशीनच्या मांडणीप्रमाणे पुन्हा डाग देऊन जोडायला लावले. मिस्त्री म्हणाला, "अक्का, परत पहिल्यासारखं व्हायचं न्हाय बघा. दुसऱ्यांदा डाग दिला की अक्षर वाकडं बसतं." अक्का त्याच्यावरच खेकसल्या, "तुला विचारलंय का? डाग की."

मी रडायला लागले तर माझ्यावरही ओरडल्या. "रडू नको, कागद भिजतोय. बोटं जुनं विसरत न्हाईत, त्यांना मारून विसरवावं लागतं." संक्रांतीपर्यंत मी रोज त्या मशीनवर बसले. परीक्षा दिली, पास झाले, कायम झाले. घरी आईनं शिरा केला.

आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत चेअरमन काय म्हणाले? नव्या मशीनमुळे कचेरीचा कारभार झपाट्यानं सुधारला. टाळ्या. अक्कांचं नाव नाही. त्यांना बोलावलंही नव्हतं. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते.

क्लासातलं ते मशीन त्यानंतर भिंतीकडे सरकलं. त्याची मांडणी बाकीच्यांपेक्षा वेगळी, म्हणून नव्या मुली त्यावर बसेनात. काही वर्षांनी अक्का गेल्या आणि त्यांच्या भाच्यानं क्लास विकायला काढला. घेणारा सगळी मशीनं तपासत आला, या एकावर दोन ओळी मारल्या आणि ते बाजूला लोटलं. "हे बिघडलंय. भंगारात घाला." बिघडलंय म्हणे! त्या मशीनवर आमच्या घराची चूल पेटली होती. मी तिथंच त्याला चार शब्द सुनावले आणि रिक्षा करून मशीन घरी आणलं.

आता त्याच्या शेजारी मुलानं घेतलेला कॉम्प्युटर असतो. सोबत प्रिंटरही आहे. दोन्ही घेताना मी सुनेला दुकानात बसवून बघायला लावलं, कारण काम ती करते. गेल्या खंडेनवमीला ती कुंकवाचं बोट घेऊन कीबोर्डकडे वाकली, आणि मी अशी ओरडले की तिच्या हातातला करंडा पडला.

"टेबलाला लाव, टेबलाला. मशीनला न्हाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी घरात असं कधी बोलत नाही. मग मी खाली वाकून सांडलेलं कुंकू भरलं आणि जुन्या मशीनच्या आणि कॉम्प्युटरच्या झाकणावर एकेक झेंडू ठेवला.