गाभ्यात दिलेला ड्रायव्हर

फोन ठेवला की ती चष्मा डोक्यावर सरकवायची, डोळे चोळायची आणि जिन्यावरूनच म्हणायची, "काका, दिधं म्हनीसन काई कमी नई व्हस. पन आयकस कोन?" दिलं म्हणून काही कमी होत नाही, पण ऐकतं कोण?

शहाद्याला आमच्या वरच्या मजल्यावर ती भाड्यानं राहायची. पुण्याच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीचं काम इथूनच करायची, कारण जवळच्या गावात वडील एकटे होते. तिच्या मीटिंगा आम्हाला खाली ऐकू यायच्या. "ड्रायव्हर देऊन टाका" हे इतक्यांदा कानावर आलं, की आमच्या सौ.नं शेवटी विचारलं, "ड्रायव्हर कोनले दी ऱ्हायनी ही पोर?"

ती हसली. नुसत्या चिपनं भागत नाही, तिच्याकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. आणि लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, सगळ्यांसाठी खुला असतो. तो सारखा बदलतो. ड्रायव्हर कंपनीनं स्वतःपाशीच ठेवला, तर दर बदलाला तो कंपनीच्याच माणसांनी पुन्हा जुळवायचा. "गाभामा दी टाका, मंग बदल करनारा लोकच त्याले बी सुधारी लेतस."

कंपनीतल्या साहेबांना भीती, की दुसऱ्या कंपन्या आपलं काम बघतील. पुढे पंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं दुसऱ्याची चिप घेतली. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, लावली की चालते, एवढंच कारण त्यानं दिलं. तेव्हा कुठे साहेब वळले.

मग कित्येक महिने ती ड्रायव्हर गाभ्यासाठी पुन्हा लिहीत राहिली. गाभा सांभाळणारे परदेशातले अनोळखी लोक चुका काढून परत पाठवायचे. जेवता जेवता तिला डुलकी लागायची. अखेर ड्रायव्हर गाभ्यात घेतला गेला, सौ.नं शिरा केला. गेलेलं गिऱ्हाईक परतलं. एक चूक तर जर्मनीतल्या कुणीतरी आपणहून दुरुस्त केली.

त्यानंतर कंपनीनं तिला कळवलं, की आता या कामाला एवढी माणसं लागत नाहीत.

मला राग आला. तिला आला नाही. "फायदा म्हनीसन मीच सांगेल व्हतं त्यास्ले, काका. मानसं कमी लागतीन."

नवी नोकरी मिळाली, पण पुण्यात राहून करायची. वडील गाव सोडायला तयार नव्हते. स्टँडवर तिनं मला एवढंच सांगितलं, "बाबाकडे आठ दिवसमा एक चक्कर मारज्यात." बस सुटायच्या आधीच खिडकीला डोकं टेकून ती झोपली. मी हाक मारली नाही.