दारातून परतवलेला टांगा

माझ्या बहिणीला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगा झाला आणि त्याचं जावळ आमच्या घरी काढायचं ठरलं. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं. तो मान माझा, म्हणून मी नवा कोट शिवला. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, उन्हाळ्याच्या तोंडावर लोकरीचा कोट! शिंप्यानं दोनदा विचारलं, ‘नक्की ना?’

बाळ नऊ महिन्यांचं होतं, पण सहाचं वाटे इतकं नाजूक. बहीण त्याला घेऊन बार्शीहून सकाळच्या गाडीनं येणार होती.

नेमका त्याच सकाळी आमचा चार वर्षांचा धाकटा खोकत उठला. नाक गळत होतं, डोळे लाल, उजेडाकडे बघेना. बायकोनं त्याच्या पापण्या उचलून पाहिल्या.

“अहो, वन्संना घरात घ्यायचं न्हाय. ह्याला गोवर हाय.”

मी त्याचा सदरा वर केला. अंगावर एक पुरळ नाही. “सर्दी आहे ही. पुरळाशिवाय गोवर असतो होय? सिव्हिल सर्जन लागून गेलीस का तू?”

“समोरच्या विणकरांच्या थोरल्याचे डोळे असेच झालते की! पुरळ दिसल्यावर त्यांनी दार लावलं, पर त्याच्या आदीच आपला ह्यो दोन दिवस त्याच्याच संगं खेळला. त्याला आज धा दिवस झाले. गल्लीत बगा, पुरळ बघून ज्यांनी पोरं आवरली, त्यांची बी पोरं पडलीच. दिसायच्या आदीच लागतो त्यो.”

बायको अक्कलकोटकडची, शाळेची पायरी न चढलेली. मी मॅट्रिक, शिवाय गिरणीच्या ऑफिसात कारकून. तेव्हा बरोबर कोण, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

इतक्यात टांगा दाराशी आला. बायको धाकट्याला आत कोंडून उंबऱ्यातच उभी राहिली.

“वन्सं, उतरू नका! बाळाला घिऊन तितंच बसा.”

माहेरवाशिणीला दारातून परतवायचं! शेजारणी काम टाकून बाहेर आल्या. बहिणीचे डोळे भरले.

“वहिनी, मी माहेरी आलेय, भीक मागायला नाही! दादा, तू काही बोलणार आहेस की नाही?”

दादा कोटाची बटणं लावत होता. लावून झाली, मग काढायला लागला.

“मला काय बी म्हणा,” बायकोनं दोन्ही हातांनी चौकट धरली, “पर घरात गोवर हाय, हे बाळ मी ह्या घरात येऊ द्यायची न्हाय. आठ वर्सांनी झालंय ते.” मग माझ्याकडे वळून, “तुमाला ल्हानपणी गोवर येऊन गेलाय, परत यायचा न्हाय. अंघोळ करा, धुतलेली कापडं घाला आन् ह्यांना मावशीकडं सोडून या.”

कोट तिनं काढून घेतला. धाकट्यानं मघाशी त्यालाच नाक पुसलं होतं.

मावशींच्या दारात टांगा थांबताच बहीण बाळाला घेऊन, मागं न बघता आत गेली. जावळ न काढताच संध्याकाळच्या गाडीनं ती बार्शीला परत गेली.

तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या कानामागं लाल पुरळ उठलं आणि दुपारपर्यंत सगळं तोंड भरलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात तान्हं मूल आहे का? अशक्त बाळाला गोवर झाला की छाती भरते. मग आमच्याही हाती फारसं राहत नाही.”

“नाही,” मी म्हणालो. “येऊ दिलं नाही.” हे वाक्य मी अशा थाटात टाकलं, की दार जणू मीच अडवलं होतं. बायको पेज ढवळत होती. तिनं पळी भांड्याच्या काठावर जरा जोरात आपटली.

धाकटा आठवड्यात खेळू लागला. पुरळाची बातमी आणि डोळ्यांची खूण मी बहिणीला कळवली होती, पण आमचा जीव बार्शीत अडकलेला. बायको रोज दिवस मोजायची. अखेर कार्ड आलं: ‘बाळाचे डोळे रोज उजेडात बघते. स्वच्छ आहेत. वहिनीला माझं चुकलं म्हणून सांगू नकोस. ते मी स्वतः येऊन सांगणार.’

मी कार्ड वाचून दाखवलं. बायकोनं ते आणखी दोनदा वाचायला लावलं आणि पदर डोळ्यांना लावून चुलीकडे गेली.

मग काय, ऑफिसात मी गोवरावर व्याख्यानं झोडू लागलो. एकदा हेडक्लार्कांनी मध्येच विचारलं, “आमच्या थोरल्याला उठलाय. धाकटीला किती दिवस वेगळं ठेवायचं?”

“उद्या सांगतो,” मी म्हणालो. “घरी विचारावं लागेल.”

उत्तर न्यायला दुसऱ्या दिवशी त्यांची बायकोच आली. माझ्याकडे ढुंकूनही न बघता ती थेट स्वयंपाकघरात गेली, आणि मी छाती फुगवून दार धरून उभा राहिलो.