विषय माझा होता

"शे!" सर मोठ्यानं म्हणाले. "ऐकलंत? शे!"

लॅबमधले सगळे हसले. मीही थोडी हसले. त्याची लाज आजही वाटते.

पीएच.डी.साठी गाईड शोधत जळगावला आले होते. कॉम्प्युटर विभागात या सरांचं वजन मोठं. त्यांनी माझा अर्ज घेतला. आधी आडनाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"कोट्यातून का?"

"प्रवेश परीक्षा पास झालेय, सर."

"असू दे. घरी काय बोलता? बोलून दाखव."

मी अहिराणीत म्हटलं, "मना बाप गवंडी शे." शे म्हणजे आहे.

तेवढंच. त्या दिवसापासून लॅबमधली पोरं मला बघून विचारायची, "चहा गरम शे का?"

माझा विषय साधा होता. अहिराणीत बोललेलं मशीनला कळावं. शिरपूरजवळच्या आमच्या गावातून आई रेशनच्या चौकशीसाठी फोन लावायची. पलीकडून मशीन म्हणायचं, समजलं नाही, पुन्हा बोला. आई पुन्हा बोलायची. चारदा. मग फोन माझ्या हातात द्यायची. जणू चूक तिचीच.

"यात कसलं संशोधन?" सर म्हणाले. सीट नाही म्हणाले. मेलनं पाठवलेला प्रस्ताव मात्र ठेवून घेतला.

मी थांबले नाही. सुट्टीत गावोगाव फिरले. कापूस वेचणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बायकांचे आवाज मोबाइलवर घेतले. आधी लाजायच्या. मग थांबायच्या नाहीत. पहिला आवाज आईचा.

सहा महिन्यांनी नोटीस बोर्डावर मंजूर विषयांची यादी लागली. माझा विषय तिच्यात होता. शीर्षक लांबलचक, इंग्रजी. नाव सरांच्या मित्राच्या मुलाचं. त्याला अहिराणीतलं एक वाक्य येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मित्राचा मुलगा खुर्चीत बसला होता. मी उभी.

"तू आवाज गोळा करतेस, कळलं. ती रेकॉर्डिंग याला दे. ती माणसं तुझ्याशीच बोलतात. आभारात तुझं नाव टाकू."

"सर, विषय माझा आहे."

"विषय कोणाच्या बापाचा नसतो."

  मी फाइल छातीशी धरली.

"रेकॉर्डिंग देणार नाही."

"नीट विचार कर. जळगाव सोड, धुळ्यालाही तुला कोणी गाईड मिळणार नाही."

"नाही देणार, सर."

बाहेर आले. जिन्यावर बसून आईला फोन केला. सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मना आवाज त्यास्ले देऊ नको."

मी विद्यापीठाकडे तक्रारीचा अर्ज लिहिला. घाबरत लिहिला. सरांचं नाव न घालता, 'विभागातील एक प्राध्यापक' असं. प्रस्ताव पाठवल्याचा मेल जोडला, कार्यालयात आवक शिक्का मारून घेतला. धुळ्याच्या एका मॅडमनी विषय वाचला, चांगला म्हणाल्या. पण हे प्रकरण मिटेपर्यंत सही करणार नाहीत. म्हणजे आज मला गाईड नाही. नोंदणी नाही.

काल शिपाई सरांचा निरोप घेऊन आला. अर्ज मागे घे, पुढच्या वर्षी सीट बघू.

मी दुसरा अर्ज लिहिला. यात सरांचं पूर्ण नाव आहे. खाली माझं, आडनावासकट. आज अकरा वाजता कार्यालय उघडेल. मी दारात उभी आहे.