पाय दाखवायचा हुकूम

"क्या हवलदार, अभी तक मरा नहीं?"

धरमपेठेतल्या बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून कर्नलसाहेब दर नोव्हेंबरात हेच विचारायचे. विचारून स्वतःच हसायचे. खाली अंगणात आमचे हवालदार, म्हणजे माझा नवरा, सावधान उभे. पेन्शन चालू ठेवायची तर शिपायाला वर्षातून एकदा जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो स्वतः देऊन चालत नाही. मी जिवंत आहे, असं जिवंत माणसानं सांगितलेलं सरकारला पटत नाही. साहेबाची सही लागते.

"नहीं साब," हवालदार म्हणायचे.

आणि त्यांच्या मागे संत्र्यांची पिशवी घेऊन उभी असलेली एक बावळट बाई खुदकन हसायची. ती मी. नवरा अजून मेला कसा नाही, असं कोणी विचारतंय आणि बायको पदर तोंडाशी धरून हसते आहे! वर मनात म्हणते, साहेब किती मोकळ्या स्वभावाचे.

ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी तिची वेणी ओढीन.

कर्नलसाहेब हवालदारांच्याच पलटणीचे, आणि मराठीच. पण बायकोशी मराठी, कुत्र्याशी इंग्रजी आणि शिपायाशी हिंदी अशी त्यांच्या जिभेची वाटणी होती. सही एका मिनिटाचं काम, पण ती व्हायला दुपार उलटायची. तोवर हवालदार अंगणात आणि मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात. मॅडम, म्हणजे साहेबांच्या बायको, म्हणायच्या, "हवालदारीण, आलीच आहेस तर एवढ्या सांभारवड्या करून दे."

आलीच आहेस तर. मी नेहमी आलेलीच असायचे. सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडायचे, धुवायचे, चिरायचे, सारण करायचे, वड्या तळायचे. संध्याकाळी पाहुण्यांना त्या मॅडमच्या हातच्या म्हणून वाढल्या जायच्या. मला ते माहीत होतं. माहीत असून काय वाटायचं? अभिमान! आमच्या गावी, कन्हानला, परत आले की नळावर बायांना ऐकवायचे, "कर्नलसाहेबाच्या घरी माह्याशिवाय पान हालत नाही वं."

माझं नाव मॅडमनं इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. नवरा हवालदार, म्हणून मी हवालदारीण. पलटणीत ही रीतच होती. नवऱ्याच्या बाहीवरच्या फिती बायकोच्या पदरालाही शिवलेल्या. नवरा ज्याला सलाम करतो त्याच्या बायकोपुढे हिनंही उठून उभं राहायचं. मीही राहिले, आणि माझ्यापुढे नाईकाच्या बायका उभ्या राहिल्या तेव्हा मान ताठ करून घेतली. तुम्हालाही मी नाव सांगणार नाही. हवालदारीण एवढ्यावर माझं आजवर भागलं, इथेही भागेल.

आता त्या पायाचं सांगते. चीनच्या लढाईत बर्फानं हवालदारांच्या उजव्या पायाची बोटं खाल्ली. सगळी. पुढे पलटणीनं त्यांना भांडारात बसवलं आणि वर्षं भरली तसं घरी पाठवलं. मग कन्हानच्या खदानीवर चौकीदारी. बुटाच्या टोकात चिंध्या कोंबून चालायचे, चाल पाहून कोणाला कळायचं नाही. कळू नये एवढीच त्यांची इच्छा. पदकं पेटीत ठेवली होती, ती पोरांना खेळायला द्यायचे. पण तो उघडा पाय पोरांनीसुद्धा पाहिलेला नव्हता. फक्त मी.

मग सरकारनं पेन्शनचा नवा नियम काढला. ठरलेल्या तारखेनंतर जो निवृत्त झाला त्याला नवी, वाढीव पेन्शन. जो आधी झाला त्याला जुनीच. आमच्या शेजारी गणपत राहायचा. हवालदारांच्या हाताखाली शिकून तोही हवालदार झाला होता. हुद्दा तोच, नोकरी तेवढीच, बंदूक धरायला शिकवली तीही आमच्या हवालदारांनीच. पण तो तारखेनंतर घरी आला. त्याला जास्त, आम्हाला कमी. बिचाऱ्याला आमच्या दारावरून जायची चोरी झाली. म्हणायचा, "दादा, मी उशिरा जन्मलो, एवढीच माही बहादुरी."

हवालदार चिडले नाहीत. त्यांना चिडता येतच नव्हतं. चिडायचा हुकूम कधी सुटलाच नव्हता ना!

चिडले कर्नलसाहेब. कारण तेही तारखेच्या आधीचे. काल ज्याला सलाम ठोकायला शिकवलं तो पोरगा आज आपल्यापेक्षा जास्त घेतो म्हणजे काय? साहेबांना एकाएकी समता आठवली. बंगल्यावर सभा भरू लागल्या. "समान हुद्दा, समान पेन्शन!" साहेब गरजायचे. व्हरांड्यात अफसर खुर्च्यांवर, खाली अंगणात जवान उन्हात उभे. अशी ती समतेची सभा.

ठरलं असं की कचेरीसमोर धरणं द्यायचं. दिल्लीहून एक मोठा अधिकारी निवेदन घ्यायला येणार होता. गर्दी जवानांनी जमवायची. पुरी-भाजी जवानांच्या बायकांनी करायची. बोलायचं अफसरांनी.

हवालदारांनी अंगणातून हात वर केला. मी व्हरांड्याच्या आतल्या दाराशी हात पुसत उभी होते.

"साब, निवेदन में जवान का क्या है?"

"पहले ऑफिसर का होने दो, हवलदार. ऊपर नल खुला तो पानी नीचे आएगा ही."

"और जिनके आदमी चले गए, उन बाइयों का, साब?"

"सबका होगा. टाइम पे होगा."

"तो मैं दो शब्द बोलूँ, साब?"

साहेबांनी त्यांना डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर बुटापाशी येऊन थांबली.

"तू मत बोलना. तू सिर्फ पैर दिखाना. फोटोवाले आएँगे."

"जी साब."

मॅडम म्हणाल्या, "वा, किती छान कल्पना!" आणि मी, आतल्या दारातली ती गाढवीण, मान डोलावत होते.

परतीच्या बसमध्ये हवालदार खिडकीबाहेर पाहत बसले. मी बडबडत होते. "पेपरात फोटो येईन तुमचा! सगळा कन्हान पाहीन!"

"पायाचा येईन," ते म्हणाले. "तोंडाचा नाही."

"मंग? पाय काय दुसऱ्याचा आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा खिडकीबाहेर. हे मी आज लिहिते आहे आणि माझीच अक्कल मला हातात धरून पाहावीशी वाटते. बोराएवढी तरी होती की नाही कोण जाणे.

धरण्याच्या दिवशी सकाळी मी तो पाय साबणानं धुतला. खोबरेल लावलं. चमकवला! पाय चमकला म्हणजे पेन्शन वाढेल, असा माझा हिशोब. हवालदार पाटावर बसून भिंतीकडे पाहत होते, नवरदेवासारखे नाही, बळीच्या बोकडासारखे.

कचेरीसमोर मंडप होता. मंडपाखाली खुर्च्या, खुर्च्यांवर अफसर आणि त्यांच्या बायका. मंडप संपला तिथून दऱ्या, म्हणजे सतरंज्या, अंथरलेल्या, त्यावर जवान, पदकं लावून उन्हात. आम्ही बाया सगळ्यात मागे, पुऱ्यांच्या टोपल्यांपाशी. भाषणं इंग्रजीत झाली. दरीवरच्या लोकांनी जिथे बाकीच्यांनी वाजवल्या तिथे टाळ्या वाजवल्या. दिल्लीचा अधिकारी घड्याळ पाहत होता.

मग साहेबांनी हाक मारली. "हवलदार! आगे आओ."

हवालदार पुढे गेले. बूट काढायचा म्हणून एका पायावर उभे राहिले. त्या वयात एका पायावर तोल कसा सांभाळणार? डगमगले, आणि मॅडमच्या खुर्चीची पाठ धरली.

"अरे, अरे, खुर्ची हलते! खाली बसून काढ ना," मॅडम म्हणाल्या. आणि साडीचा घोळ आवरून घेतला.

हवालदार जमिनीवर बसले. खुर्च्यांपुढे, चपला-सँडलांच्या ओळीत. बुटाची नाडी सोडली. चिंध्या काढून बाजूला ठेवल्या, नीट घडी करून. मोजा काढला. माझा चमकवलेला पाय बाहेर आला.

फोटोवाला म्हणाला, "थोडा ऊपर."

कर्नलसाहेबांच्या हातात फिरायला जायची काठी होती, चांदीच्या मुठीची. त्यांनी तिचं टोक हवालदारांच्या टाचेखाली घातलं आणि पाय वर उचलला. बैलाचा खूर व्यापाऱ्याला दाखवतात तसा. अधिकाऱ्याला म्हणाले, "लुक, सर. लुक."

हवालदारांनी डोळे मिटले.

मी कशी चालत गेले ते मला आठवत नाही. हाताला पुरीचं पीठ होतं. मी ती काठी धरली आणि बाजूला सारली. जोर करावा लागला नाही. साहेब इतके चकित झाले की त्यांनी सोडूनच दिली.

"बूट घाला," मी नवऱ्याला म्हटलं. मग साहेबांकडे वळले. "पाय त्यायचा. मंग पेन्शन तुमची एकट्याची काहून?"

हवालदार धडपडत उठले, एक पाय उघडा, आणि अधिकाऱ्याकडे पाहून म्हणाले, "साब, मेरे को दो शब्द..."

"हवलदार! बैठ जाओ!"

आणि ते बसले.

हो, बसले. अर्धं आयुष्य हुकूम ऐकलेलं शरीर. मन उभं होतं, गुडघे वाकले. एकटे तेच नाहीत. दरीवर दोन-तीन जण उठायला लागले होते, तेही बसले. साहेबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तोच आवाज माझ्यावर आला. "तुम भी बैठो!"

माझेही गुडघे हलले. खोटं कशाला सांगू? आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. अवं, तू कोण? तुझी भरती कोणी केली? तू कोणत्या पलटणीत होतीस? या माणसाचा तुझ्यावर हुकूम चालतो असं कुठे लिहिलंय? सरकारनं मला कधी बूट दिला नाही, बिल्ला दिला नाही, मग मी आजवर कोणाची शिपाईगिरी करत होते? वड्या तळून?

मला हसू आलं. या वेळी पदर तोंडाशी धरला नाही.

"मी नाही बसत," मी म्हटलं. "मी भरतीच नव्हती झाली."

दरीवरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी अधिकाऱ्याला सांगितलं. त्याला मराठी कळत होतं की नाही ते त्याचं तो जाणे. "गोळी तारीख पाहून नाही येत साहेब. बर्फ हुद्दा नाही पाहत. मंग पेन्शन काहून पाहते? समान म्हणता तर सगळ्यायले समान द्या. शिपायापासून. अन् ज्या बाईचा शिपाई गेला, ते काय अर्धीच भाकर खाते का?"

"हवलदार, अपनी औरत को सँभालो!"

सगळे हवालदारांकडे पाहू लागले. ते मोजा घालत होते. मग चिंध्या भरल्या. मग बूट. नाडी बांधली, सावकाश, परेडला जाताना बांधायचे तशी घट्ट. आणि उठून माझ्या शेजारी उभे राहिले. उठायचा हुकूम कोणी दिला नव्हता.

मागून गणपतचा आवाज आला, "बोल वं वहिनी, बोल!" आणि दरी उठली. पुऱ्यांच्या टोपल्या आम्ही बायांनी दरीकडे वळवल्या. मंडपात त्या दिवशी कोणाला काय जेवायला मिळालं ते मला ठाऊक नाही. मी चौकशीही केली नाही.

निवेदन साहेबांनी दिलं, अधिकाऱ्यानं घेतलं, मोटार गेली. पेपरात साहेबांचा फोटो आला. पाय आला नाही, आम्हीही नाही.

त्या नोव्हेंबरात बंगल्याच्या फाटकावरच नोकरानं सांगितलं, साहेब घरी नाहीत. आत कुत्रा भुंकत होता आणि साहेब त्याला इंग्रजीत रागवत होते. सही नाही म्हणून पेन्शन अडली. मग गणपतनं सुचवलं म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं मान वर करून हवालदारांकडे एकदा पाहिलं आणि सही ठोकली. नाडीसुद्धा धरली नाही.

"झालं?" मी विचारलं.

"झालं, माय. जिवंत तर दिसून राहिले."

एवढंच होतं ते! बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. हवालदार म्हणाले, "पुरे वं आता." मी म्हटलं, "पुरे कायचं? अजून संत्र्याच्या पिशव्या राहिल्या."

त्यानंतर कन्हानला पारावर आमची स्वतःची सभा भरू लागली. नियम आम्ही बायांनी केले. खुर्ची कोणालाच नाही. जिचा माणूस गेला ती बाई सगळ्यांत आधी बोलेल, मग शिपाई, मग नाईक, मग हवालदार. मागणी एकच, सगळ्यांची मिळून.

वर्षभरानं गणपत कर्नलसाहेबांचा निरोप घेऊन आला. अफसरांचं काम दिल्लीत अडकलं होतं, पुन्हा गर्दी हवी होती. "साहेब म्हणतात, मिळून लढू. वहिनीले पुढच्या रांगेत खुर्ची देतो म्हणतात."

"त्यायले सांग, पारावर या. दरीवर जागा आहे. हवालदाराचं बोलून झालं का मंग तुमचा नंबर. अन् आमची मागणी जशी आहे तशी, शिपायापासून, तुमच्या तोंडानं बोला. नसन जमत तर तुमचं तुम्ही मागा."

"असं कसं सांगू वं वहिनी साहेबाले?"

"जसं आयकलं तसं."

साहेब आले नाहीत. आम्ही त्यांची वाट पाहिली नाही.

हवालदार गेले तेव्हा समान पेन्शन आलेली नव्हती. आता पारावर पहिला नंबर माझा असतो. मी उभी राहते. माझ्या मागे अजून बऱ्याच बाया आहेत, आणि आमच्यातल्या शेवटच्या बाईला पुरं मिळेपर्यंत आमच्यातली एकही थोड्यावर गप्प बसणार नाही.